आमच्याकडच्या मंडईबद्दल

बाजाररस्ता एक दिवस वाहनांना बंद करून खाण्याचे स्टॉल नि गाणी-नाच ठेवायचे हे शहरातच जमतं, खेड्यात नाही, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. पटलं नाही. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे एक दिवसाची जत्रा, भरते. शेजारच्या गावांचे दिवस शक्यतो वेगळे, त्यामुळे दुकानदार आज इथे तर उद्या तिथे. रस्त्याच्या दुतर्फा भजी, जिलेबी, मुर्रा-फुटाणे, शिंगाडे, बांगड्या, खेळणी, दुपारी दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं इथलं लोकनाट्य. लेकी-जावई, सोयरे मुक्कामालाच येतात.

पण चर्चेत राहून गेलं ते रात्रीचं नाटक. तिकीट लावून, मंडपात, पार पहाटेपर्यंत. नाटक कंपन्यांची ठिकाणं गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडशाला. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं. याच झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, इतकी ती मोठी आहे. शहरातल्या अशा महोत्सवात लोक खाऊन निघून जातात, दुकानात शिरत नाहीत, ही चर्चेतली तक्रार मात्र मला खरी वाटते. स्टेज आणि बाजार एकाच वेळी चालवला की सगळे स्टेजकडे तोंड करून उभे राहतात. मंडईत मुख्य खेळ रात्री असल्यामुळे माणसं संध्याकाळभर बाजारात फिरतात, बायका निवांत भाव करून घेतात. नागपुरात कुणी असा महोत्सव ठरवत असेल तर वडशाची एक कंपनी जरूर बोलवा, आणि पडदा दुकानं बंद झाल्यावरच उघडा.