चर्चा : विवरणपत्र भरून देणाऱ्या करसल्लागाराने अशिलाच्या हाती कोणते कागद द्यावेत?

मूळ मुद्दा

आपल्याकडे आयकर विवरणपत्रासोबत एकही कागद जोडायचा नसतो. फॉर्म १६ (पगार व त्यातून कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला), गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, भाडेपावत्या किंवा शेअर दलालाचे हिशेबपत्रक यांपैकी काहीही विभागाकडे जात नाही. जातात ते फक्त आकडे. म्हणूनच ते आकडे कोठून आले हे दाखवणारे कागद करदात्यापाशी असणे भाग आहे. तरीही विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्या अनेकांच्या हाती शेवटी पडते ती एका पानाची पोचपावती, आणि तीही कित्येकदा फोनवर आलेल्या चित्राच्या रूपात.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. २०२१-२२ या आर्थिक वर्षात मी बरेच शेअर विकले. काही विक्रीत नफा झाला, काहींत तोटा, आणि एकूण हिशेबात दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा उरला. असा तोटा विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर पुढची ८ करनिर्धारण वर्षे (म्हणजे ज्या वर्षी आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर कर ठरतो ती वर्षे) ओढता येतो, म्हणजे नंतरच्या नफ्यातून वजा करता येतो. दोन वर्षांनी मी सल्लागार बदलला, तेव्हा नव्या सल्लागारांनी साहजिकच विचारले की तोट्याचा आकडा किती आणि तो कसा काढला. पोचपावतीवर एकूण उत्पन्न, भरलेला कर आणि परतावा दिसतो. भांडवली तोट्याचे परिशिष्ट तिच्यावर नसते. आयकराच्या संकेतस्थळावर माझ्या खात्याला मोबाइल क्रमांक आणि ईमेल जुन्या सल्लागारांचेच जोडलेले होते, आणि ते फोन घेत नव्हते. बऱ्याच खटपटीनंतर खाते हाती आले व आकडाही मिळाला, पण तो कसा निघाला हे कोठेच लिहिलेले नव्हते. त्यांतले काही शेअर ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेले होते आणि अशा शेअरची खरेदी किंमत ठरवताना त्या दिवसाचा बाजारभाव विचारात घ्यावा लागतो. तो घेतला होता की नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की पोचपावती ही विवरणपत्राची प्रत नव्हे, आणि विवरणपत्राची प्रत म्हणजे हिशेब नव्हे. सल्लागाराने पडताळणीच्या तारखेसह पोचपावती, भरलेल्या विवरणपत्राची सर्व पाने आणि कर भरल्याची चलने तर द्यावीतच. पण त्याबरोबर उत्पन्न व कराचे गणनापत्रक, म्हणजे ज्याला सगळे कॉम्प्युटेशन म्हणतात ते, न मागता दिले पाहिजे. ज्या दिवशी विवरणपत्र भरले त्या दिवशी उतरवून घेतलेले २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा विभागाकडील तक्ता, आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, ज्यात विभागाला कळलेले आपले व्यवहार असतात, हेही त्यासोबत असावे, कारण एआयएसमध्ये नंतरही नोंदींची भर पडत राहते आणि आपण भरताना काय दिसत होते याचा पुरावा पुढे उरत नाही. व्यवसाय करणाऱ्याने जुनी करप्रणाली निवडली असेल तर ती निवड कळवणाऱ्या फॉर्म १०-आयईएची पोचपावतीही द्यायलाच हवी. आणि खात्याला जोडलेला मोबाइल व ईमेल करदात्याचाच असावा.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण तशी ती नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. काही जण केवळ ढिगाने विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ईमेल पत्ते काढतात आणि पुढे ते सोडून देतात, त्यामुळे नोटिसा न वाचताच राहतात, असे विभागाने तेव्हा निवेदनात सांगितले होते. ज्याच्या नावाने नोटीस निघते त्यालाच ती दिसत नसेल, तर त्याने उत्तर द्यायचे तरी कसे?

प्रतिसाद १ : करसल्लागार, २२ वर्षे व्यवसायात

आपला अनुभव वाईट आहे आणि त्या सल्लागारांचे वागणे चूकच होते. पण एका वाईट अनुभवावरून सगळ्यांवर कागदांचे ओझे लादणे मला मान्य नाही.

विवरणपत्राची प्रत आणि पोचपावती देण्याबद्दल माझे दुमत नाही. शिवाय त्या दोन्ही संकेतस्थळावरून करदात्याला स्वतः कधीही उतरवून घेता येतात, आणि आधारशी जोडलेला मोबाइल जवळ असेल तर ओटीपीने संकेतशब्दही बदलता येतो. प्रश्न आहे तो गणनापत्रकाचा. गणनापत्रक हे माझे कामाचे टाचण आहे. मी कोणती शक्यता तपासली, कोणती सोडली, कोठे अशिलाच्या शब्दावर विसंबलो, हे त्यात असते. सनदी लेखापालांसाठी असलेल्या गुणवत्ता नियंत्रणाच्या मानकातही कामाची टिपणे ही त्या पेढीची मालमत्ता मानली आहेत, आणि त्यांतला काही भाग अशिलाला द्यायचा की नाही हे पेढीने ठरवायचे आहे.

दुसरे असे की हे पत्रक अशिलाला बहुधा कर समजून घेण्यासाठी नको असते, कर्जासाठी हवे असते. बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे गणनापत्रकासह मागते. मी दिलेल्या पत्रकातील आकडे बदलून ते बँकेत दिल्याचे मी स्वतः पाहिले आहे. त्या कागदावर माझे नाव होते आणि खुलासा मला करावा लागला.

आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात नुसता फॉर्म १६ घेऊन येणारा, बचत खात्याचे व्याज विचारले तर "ते कशाला लागते" म्हणणारा अशील नंतर संपूर्ण फाइल मागतो, तेव्हा त्याने आपणहून काय दिले होते हेही कोणीतरी विचारावे.

प्रतिसाद २ : निवृत्त शिक्षिका

मी निवृत्तिवेतनावर जगते आणि दरवर्षी एका सल्लागारांकडून विवरणपत्र भरून घेते. प्रतिसाद १ मध्ये म्हटले आहे की सगळे संकेतस्थळावर मिळते. ज्याला मिळवता येते त्याला मिळते. आमचे सल्लागार पूर्वी एका कागदी पाकिटात सगळे घालून देत आणि वर वर्ष लिहीत. आता फाइल मेलवर येते, तिला संकेतशब्द असतो, आणि दोन वर्षांपूर्वीची फाइल मला उघडता येत नाही. माझे म्हणणे एवढेच की कागद मागणाऱ्याला छापील कागद मिळावा. त्याचे वेगळे पैसे घेतले तरी माझी हरकत नाही.

प्रतिसाद ३ : वकील

इथे दोन प्रश्न मिसळले जात आहेत. अशिलाने आणून दिलेले कागद, म्हणजे मूळ दाखले, खरेदीखत, बँकेची पासबुके, हे अशिलाचेच आहेत आणि ते परत केलेच पाहिजेत. सल्लागाराने तयार केलेल्या कागदांचा प्रश्न वेगळा आहे.

पहिल्या प्रकाराबद्दल लिहितो, कारण फी थकली की मूळ कागद अडकवून ठेवण्याची रीत सर्रास दिसते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७१ मध्ये सर्वसाधारण धारणाधिकार, म्हणजे येणे वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क, कोणाला आहे हे नावानिशी सांगितले आहे: बँकर, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयातील ॲटर्नी आणि विमा दलाल. इतरांना तो हवा असेल तर तसा स्पष्ट करार लागतो. करसल्लागाराचे नाव त्या यादीत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर वकिलालाही फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येणार नाहीत असे स्पष्ट केले. तो निकाल वकिलांपुरता आहे, हे खरे. पण जे वकिलाला नाकारले ते करसल्लागाराने गृहीत धरावे, असे म्हणायला मला आधार दिसत नाही. फीसाठी दावा लावता येतो. कागद अडवले तर नुकसान अशिलाचे होते, कारण नोटिशीच्या उत्तराची मुदत फीच्या वादासाठी थांबत नाही.

गणनापत्रकाबाबत मात्र प्रतिसाद १ शी मी निम्मा सहमत आहे. त्यांची टाचणे त्यांची. पण अंतिम आकडे ज्या पायऱ्यांनी निघाले त्या पायऱ्या म्हणजे टाचणे नव्हेत. विवरणपत्रावरील सत्यापन करदाता करतो. माहिती बरोबर व पूर्ण असल्याचे तो स्वतः जाहीर करतो. ज्याला हिशेब दाखवलेलाच नाही त्याने तो बरोबर असल्याचे सांगायचे, ही स्थिती मला बरी वाटत नाही.

प्रतिसाद ४ : पगारदार, स्वतःचे विवरणपत्र स्वतः भरणारा

मी विरोधी बाजूने लिहितो, पण माझे कारण वेगळे आहे. सल्लागाराने अमुक दहा कागद द्यावेत असा आग्रह धरला की करदाता आपली जबाबदारी त्या पाकिटावर टाकून मोकळा होतो. १९६१ च्या कायद्याच्या कलम २७०अ प्रमाणे उत्पन्न कमी दाखवले तर त्यावरील कराच्या ५० टक्के आणि चुकीची माहिती देऊन दाखवले तर २०० टक्के दंड आहे, आणि तो करदात्याला बसतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी जबाबदारी करदात्यावरच राहते. म्हणून पत्रक मिळण्यापेक्षा विवरणपत्र पाठवण्याआधी शेजारी बसून ते वाचणे मला महत्त्वाचे वाटते. नंतर मिळालेला कागद कपाटात जातो, आणि चूक होऊन गेलेली असते.

प्रतिसाद ५ : अमेरिकेत राहणारा वाचक

तुलनेसाठी सांगतो. इथल्या महसूल संहितेच्या कलम ६१०७ प्रमाणे पैसे घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्याने त्याची पूर्ण प्रत करदात्याला द्यावीच लागते, आणि तीही सहीसाठी विवरणपत्र समोर ठेवण्याच्या वेळेपर्यंत. तयार करणाऱ्याने स्वतःकडे प्रत किंवा करदात्यांची यादी ३ वर्षे ठेवायची असते. म्हणजे प्रतिसाद ४ मधील अपेक्षा इथे कायद्यात आहे. पण गणनेची टिपणे द्यावीत असे ते कलम म्हणत नाही, त्यामुळे मूळ लेखकांना इथून पूर्ण आधार मिळणार नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रतिसाद ४ मधील मुद्दा मी स्वीकारतो आणि माझ्या मागणीत बदल करतो: गणनापत्रक विवरणपत्र पाठवण्याच्या आधी मिळावे. चूक तेव्हाच दुरुस्त करणे सोपे असते.

मात्र कपाटात गेलेला कागद निरुपयोगी आहे, हे मला पटत नाही. ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक उत्पन्न करातून सुटल्याचे प्रकरण असेल तर करनिर्धारण वर्ष संपल्यानंतर ५ वर्षे ३ महिन्यांपर्यंत ते उघडता येते. आणि नोटीस न येताही कागद लागतो. आईवडिलांनी २००१ पूर्वी घेतलेले घर विकताना १ एप्रिल २००१ चे मूल्य धरता येते. एका भावंडाने आपल्या हिश्शासाठी मूल्यांककाचा अहवाल घेतला असेल आणि दुसऱ्याला दहा वर्षांनी तो हवा असेल, तर सल्लागाराच्या संगणकावर तो शोधत बसायचे का? तोवर तो संगणक, कदाचित ती पेढीही, राहिलेली नसेल.

प्रतिसाद १ मधील बनावट पत्रकाची भीती खरी आहे. पण फेरफार करणारा पगाराच्या चिठ्ठीतही फेरफार करतो, म्हणून कोणी पगाराची चिठ्ठी देणे थांबवत नाही.

प्रतिसाद १ यांचे पुन्हा लेखन

वकिलांनी केलेला भेद मला पटला. टाचणे माझ्याकडे आणि अंतिम हिशेबाच्या पायऱ्या अशिलाकडे, एवढे मी मान्य करतो, आणि या हंगामापासून विवरणपत्र पाठवण्याआधी तसे पत्रक देईन. मूळ कागद मी कधीच अडवले नाहीत.

पण माझी एक अट आहे आणि ती मी सोडणार नाही. त्या पत्रकाच्या शेवटी अशिलाने मला काय काय दिले याची यादी असेल, आणि तिच्यावर अशिलाची सही असेल. व्याजाचा दाखला दिला नसेल तर दिला नाही असे त्यात लिहिलेले असेल. कर्जासाठी शिक्का मारलेली प्रत हवी असल्यास ती मी थेट बँकेला पाठवीन, अशिलाच्या हाती देणार नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

यादीची अट योग्य आहे. तशी यादी माझ्या वेळी असती तर दलालाचे कोणते पत्रक मी दिले होते हे तरी कळले असते. बँकेच्या प्रतीबाबत मात्र आपले एकमत होणार नाही. हिशेब माझ्या उत्पन्नाचा आहे आणि तो कोणाला दाखवायचा हे मीच ठरवणार.