मदत हवी आहे : अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या पोटमाळ्यात) छपराच्या आतल्या बाजूने बर्फ धरतो (मिनेसोटा, अमेरिका)

नमस्कार. मिनीआपोलिसच्या उपनगरात आमचे जुने दुमजली घर आहे. जानेवारीत तापमान उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना अ‍ॅटिकमध्ये डोकावलो, तर छपराच्या प्लायवुडला आतून बर्फाचा पातळ थर आणि खिळ्यांच्या टोकांना बर्फाचे गोळे दिसले. थंडी ओसरताच ते वितळून खालच्या बेडरूमच्या छतावर पिवळट डाग पडले. शिंगल्स (छपरावरच्या आवरणाच्या चकत्या) नवीन असून कुठेही छिद्र नाही. म्हणजे हे पाणी घरातल्याच दमट हवेतून वर गेलेले दिसते. (गळती म्हणजे कौल फुटले असणार, हा कोकणातला हिशेब इथे चालत नाही.)

एका कंत्राटदाराने छपरावर विजेचा पंखा बसवायला सांगितले. दुसऱ्याच्या मते असा पंखा फटींमधून घरातलीच उबदार हवा वर ओढेल, म्हणून आधी फटी बुजवाव्यात. मला दुसऱ्याचे पटते. पण अ‍ॅटिक १२०० चौरस फुटांचे आहे आणि १:३०० या प्रमाणाने (३०० चौरस फुटांमागे १) हवा खेळायला लागणारी ४ चौरस फूट मोकळी जागा, निम्मी सॉफिटला (छपराच्या बाहेर आलेल्या कडेच्या खालच्या बाजूला) व निम्मी रिजला (छपराच्या माथ्याला), कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात सॉफिटची तोंडे इन्सुलेशनने (उष्णता रोखणाऱ्या थराने) बुजली आहेत, बाथरूमच्या पंख्याची नळी अ‍ॅटिकमध्येच उघडते आणि स्वयंपाकघरातला हूड हवा नुसती गाळून वाफ पुन्हा घरातच सोडतो. कामाचा क्रम काय ठेवावा? घरात आर्द्रता किती असावी?

प्रतिसाद :
विजेचा पंखा नकोच. सर्वप्रथम बाथरूमची नळी इन्सुलेटेड घेऊन छपरातून थेट बाहेर काढा. सॉफिटला सोडल्यास तीच वाफ पुन्हा आत ओढली जाते. मग इन्सुलेशन बाजूला सारून भिंतींचे माथे, पाइपांभोवतीच्या जागा, दिव्यांचे बॉक्स आणि अ‍ॅटिकचे झाकण यांच्या फटी बंद करा. फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) धुराड्याभोवती मात्र साधा फोम वापरू नका. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारे सीलंटच हवे. त्यानंतर प्रत्येक सॉफिटपाशी बॅफल (इन्सुलेशनला छपरापासून दूर ठेवणारी पन्हळ) बसवून हवेची वाट मोकळी ठेवा आणि जास्तीचे इन्सुलेशन सर्वांत शेवटी घाला, कारण ते आधी घातले की छप्पर अधिक थंड होते आणि फटी तशाच राहिल्या तर बर्फ वाढतो. एवढ्या थंडीत आर्द्रता साधारण २० टक्क्यांपर्यंत ठेवा, म्हणजेच फर्नेसवरचा ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारे यंत्र) बंद करा. खिडकीच्या काचांवर पाणी धरू लागले तर तेवढी आर्द्रताही जास्तच समजा. शक्य असल्यास फटी बुजवण्याआधी आणि नंतर ब्लोअर डोअर चाचणी (दारात मोठा पंखा लावून घरातून किती हवा गळते ते मोजणे) करून घ्या.