६जी आल्यावर सेन्सरला बॅटरी लागणार नाही म्हणे!

बागाईतदार_निफाड: काल इथे एकाने लिहिलं, "६जी येऊ द्या, शेतातले सेन्सर हवेतल्या लहरींवर चालतील, बॅटरी विसरा." वाचून राहवलं नाही. आमच्या द्राक्षबागेत जमिनीच्या ओलाव्याचा आणि पानओलीचा सेन्सर आहे. विकणाऱ्याने बॅटरी पाच वर्षं सांगितली होती. ऑक्टोबर छाटणीनंतर ऐन डाऊनीच्या (पानावरच्या बुरशी रोगाच्या) दिवसांत ती बसली. मोजायला क्षणभर लागतो, बॅटरी खाल्ली ती रेंजने. आमचा सेन्सर एनबी-आयओटीवर, म्हणजे सेन्सरसाठीच्या सिमवाल्या मोबाइल नेटवर्कवर चालतो. त्यात सिग्नल अशक्त असला की एकच निरोप १२८ वेळांपर्यंत पाठवता येतो. निरोप पोचतो, पण बॅटरीच्या जिवावर. आधी टॉवर द्या, मग पिढ्या मोजा.

रेडिओ_पुणे: सगळं रेंजवर ढकलू नका. डेटा दर किती मिनिटांनी पाठवत होतात? आणि बॅटरीविना चालणं ही थाप नाही. फास्टॅगला कुठे असते बॅटरी? मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीने रिलीज १९ या मानक-संचात अँबियंट आयओटी, म्हणजे आसपासच्या ऊर्जेवर चालणारी उपकरणं, हाती घेतलंच आहे.

बागाईतदार_निफाड: फास्टॅग टोलच्या रीडरखालून जातो, त्याच्याच लहरींवर चालतो. माझ्या बागेत रीडर कोण उभा करणार? दर दहा मिनिटांनी पाठवत होतो. पानं किती तास ओली राहिली ते कळल्याशिवाय फवारणी ठरवू कशी?

लोरा_तासगाव: सिम हवंच कशाला? लोरा वापरा, कमी विजेत लांबवर निरोप नेणारा रेडिओ. त्याला लागणारा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे. गच्चीवर गेटवे, म्हणजे सेन्सरचे निरोप घेऊन इंटरनेटवर टाकणारा डबा, लावा, संपलं.

बागाईतदार_निफाड: गेटवेला लाइट तुम्ही देणार? वादळ झालं की आमचा फीडर रात्रभर बंद.

ऊसवाला_कराड: लाइटचं बोललात ते बरं झालं. रात्रपाळीची थ्री-फेज आली की साप-विंचवातून मोटर चालू करायला जायचं, आणि इथे चर्चा ६जीची! गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरची केबल कापून नेली. सोलर पॅनल लावा म्हणणाऱ्यांनी रात्री राखण करायला यावं.

लोरा_तासगाव: केबल आमचीही गेली, म्हणून काहीच करायचं नाही? गेटवे घरावर ठेवा, छोटी बॅटरी जोडा. शेतातल्या नोडला, म्हणजे सेन्सरच्या डबीला, पॅनल लागतच नाही.

रेडिओ_पुणे: लांबच्या नोडला एसएफ १२, म्हणजे लोराचा सगळ्यात संथ पण लांब पोचणारा वेग, लागला की तोच निरोप एसएफ ७ या जलद वेगाच्या वीसपटीहून जास्त वेळ हवेत राहतो. बॅटरी तिथेही जातेच.

ऊसवाला_कराड: पुण्यात बसून आकडे सांगणं सोपं आहे.

रेडिओ_पुणे: माझे वडील आजही रात्रीचं पाणी धरतात, मला शिकवू नका. बागाईतदार, मोजणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. दहा मिनिटांनी मोजा, मेमरीत साठवा, तीन तासांनी एकदम पाठवा. मधल्या वेळात मोडेम, म्हणजे निरोप पाठवणारा भाग, पीएसएममध्ये (वीज वाचवणाऱ्या झोपेत) राहू द्या.

बागाईतदार_निफाड: साठवून पाठवायचं पटलं. विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. पण रेंजचं म्हणणं मी मागे घेत नाही. मोडेम झोपेतून उठल्यावर त्याला टॉवर सापडायला नको?