माळ्यावरचा ४८६ भंगारात घालू का? आणि तुमचं पहिलं मशीन कोणतं होतं?

सातारी_कंदी

मंडळी, दसऱ्याची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून एक खोकं खाली आलं आणि घरात दोन पक्ष पडले.

खोक्यात आमचा पहिला संगणक आहे. ४८६ डीएक्स-टू, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, ४२० एमबीची हार्डडिस्क. पुढे टर्बोचं बटण आणि हिरव्या आकड्यांत ६६ दाखवणारी काच. आईनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हरही तसंच आहे. भंगारवाला मॉनिटरसकट दोनशे देतो म्हणाला. बायको म्हणते, त्यानं उलटे दोनशे मागितले तरी द्या, पण माळा मोकळा करा. आण्णा (वडील, वय ८३) म्हणतात, हात लावायचा नाही. का, ते मात्र सांगत नाहीत.

कराडात आमचा छापखाना आहे. आण्णांनी ट्रेडलवर (पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर) सुरू केला. मी शाळेतून आलो की केसमध्ये (खणाखणांच्या ट्रेमध्ये) खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, परत टाकायचं काम माझ्याकडे. १९९५च्या लग्नसराईआधी आण्णांनी ते सगळे खिळे वजनावर विकले. जे आले त्यात भर घालून, थोडं पतसंस्थेतून उचलून, अठ्ठावन्न हजारांना हे मशीन घेतलं. लेझर प्रिंटरचे वेगळे. दोन वर्षं आण्णा नीट झोपले नाहीत, असं आई सांगायची.

मशीन बसवायला पुण्याहून मुलगा आला होता. खोलीत एसी पाहिजे म्हणाला. एसी कुठला आणणार? घरातला एकुलता एक टेबलफॅन आणून मशीनकडे तोंड करून ठेवला. मे महिन्यात मशीन गार आणि आण्णा बाजूला बनियनवर घामानं निथळतायत, हे चित्र मी कधी विसरणार नाही. चपला अर्थातच बाहेर.

आमचे जुने कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे, काका होते. आयुष्यभर उलटी अक्षरं वाचलेला माणूस. केसमधलं प्रत्येक घर हाताला पाठ, जोडाक्षर न बघता उचलायचे. त्यांना कीबोर्डपुढं बसवलं तर पडद्याकडे बघून म्हणाले, "हे सगळं सुलटं दिसतंय, यात चुका सापडायच्या कशा?" चार महिने प्रयत्न केला त्यांनी. मग बाइंडिंगला बसायला लागले. त्याबद्दल आमच्या घरात अजून कोणी मोठ्यानं बोलत नाही.

नंतरची मशीनं लिहिण्यासारखी नाहीत. १९९८ला पेन्टियम, २००३ला एक्सपीवालं पी-फोर (ते अजून चालू आहे), मग असेंबल केलेली दोन, आता मुलाचा लॅपटॉप. एकाचाही रंग आठवत नाही. या ४८६चा आवाजसुद्धा आठवतो. चालू केलं की रॅम मोजताना टिकटिक टिकटिक, मग फ्लॉपीची खरड, मग एक बीप.

तर प्रश्न दोन. डिस्कवर तीन वर्षांच्या लग्नपत्रिका आणि गावच्या यात्रेची एक स्मरणिका आहे, ती निघेल का? आणि तुमचं पहिलं मशीन कोणतं, आता कुठं आहे?

टापकीर_गल्ली

दादा, आधी एक ऐका. प्लग लावू नका. आज तर नकोच.

पंचवीस वर्षं हेच केलंय म्हणून सांगतो. झाकण उघडा आणि मदरबोर्डावर कीबोर्डच्या सॉकेटजवळ पिंपासारखी निळी किंवा हिरवी बॅटरी दिसते का बघा. ती निकेल-कॅडमियमची, बोर्डाला डाग मारलेली असते. एवढ्या वर्षांत ती फुटलेली असणार. आजूबाजूला मोरचुदासारखं हिरवं-निळं दिसलं तर समजा बोर्डाचे ट्रॅक खाल्ले. आधी कटरनं ती काढून टाका.

बॅटरी मेली म्हणजे मशीन सगळं विसरलं. तारीख १ जानेवारी १९८० दाखवेल, ते सोडा. पण डिस्क कोणती लावलीय हेही त्याला आठवणार नाही. त्या काळातल्या बऱ्याच बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) सिलिंडर, हेड, सेक्टर हे तीन आकडे हातानं भरावे लागत. डिस्कच्या लेबलवर ते छापलेले असतात. लेबलचा फोटो काढून ठेवा.

खरं तर मशीन चालू करायची गरजच नाही. डिस्क काढा, यूएसबी-आयडीई कन्व्हर्टरला (जुनी डिस्क यूएसबीला जोडायच्या वायरीला) लावा. जम्पर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) मास्टरवर आहे ना बघा. इतक्या जुन्या काही डिस्क कन्व्हर्टरला दिसत नाहीत. मग तुमच्या त्या पी-फोरला आतून चाळीस पिनच्या पट्टीनं जोडा, तिथं दिसायची शक्यता जास्त. फिरायला लागली की पहिल्यांदा सगळी कॉपी, मग बघाबघी. दुसरी संधी देईलच असं नाही.

आणि ती हिरव्या आकड्यांची काच काही मोजत नसते बरं का! मागं जम्पर असतात, ते लावाल तो आकडा दिसतो. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून आम्ही एकाला ९९ लावून दिलं होतं.

माझं स्वतःचं पहिलं मशीन म्हणजे गिऱ्हाइकांच्या मेलेल्या मशीनांतून जमवलेलं. त्यातला प्रत्येक भाग कोणाचा ते सांगू शकायचो. पण आठवण विचाराल तर २६ एप्रिल १९९९. सोमवार होता. सकाळी दुकान उघडायच्या आधी शटरसमोर सात माणसं, प्रत्येकाजवळ कॅबिनेट. रिक्षात, स्कूटरच्या पुढ्यात, एक तर सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणलेलं. सगळ्यांची एकच तक्रार, चालूच होत नाही. चेर्नोबिल व्हायरस. विंडोज ९५ आणि ९८वर तो गप्प बसून होता आणि त्या तारखेला उठला. डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा, आणि बोर्ड तावडीत सापडला तर बायोसच्या चिपवरही कचरा लिहायचा.

प्रोग्रामर, म्हणजे चिपवर लिहायचं यंत्र, आमच्याकडे नव्हता. मग काय केलं, तर त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड चालू करायचा आणि तो चालू असतानाच त्याची बायोस चिप उपसायची. चिमट्यानं नाही, नखानं हळूहळू, दोन्ही बाजूंनी. त्या जागी मेलेली चिप बसवायची आणि तिच्यावर बायोस पुन्हा लिहायचं. एक पिन वाकडी गेली की दोन बोर्ड मेले. त्या आठवड्यात असे अकरा उठवले, एक गमावला. गमावलेला अर्थातच एका वकिलांचा.

कॅसेटवाला

टापकीरभाऊ, चालू बोर्डातून चिप उपसायची म्हणजे धाडस आहे तुमचं. माझं शौर्य एका स्क्रूड्रायव्हरपुरतं.

माझं पहिलं मशीन १९८७चं, डीबी स्पेक्ट्रम प्लस. विलायतेतल्या सिंक्लेअरचं मशीन डेसिबेल्स नावाच्या कंपनीनं परवाना घेऊन आपल्याकडे काढलं होतं. झेड-८० प्रोसेसर, ४८ केबी रॅम. (आता "आजच्या फोनमध्ये याच्या अमुक लाख पट" असं कृपया कोणी लिहू नका. माहीत आहे.) डिस्क नाही, मॉनिटर नाही. घरचा टीव्ही हाच पडदा आणि घरचा टेपरेकॉर्डर हीच डिस्क. म्हणजे रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागली की संगणक बंद आणि आजी मशीनच्या वायरींवरून उदबत्ती ओवाळतेय.

टीव्ही होता काळा-पांढरा. पुस्तकात लिहिलेलं की लोड होताना पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या दिसतात. आमच्याकडे राखाडी आणि जरा कमी राखाडी. मी स्वतः लिहिलेल्या रंगांच्या खेळाचे रंग पहिल्यांदा पाहिले ते मामाच्या घरी, दोन वर्षांनी. इतके भडक होते की लाज वाटली.

जे हे बटण दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा, अक्षरं टाइप करायचीच नाहीत. पुढं दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि टेप चालू. मग पाच मिनिटं किंचाळणं. घरातल्यांना तो आवाज सहन व्हायचा नाही, पण मला त्यावरून कळायचं. आवाज धारदार असेल तर लोड होणार. पांघरुणाआडून आल्यासारखा आला की साडेचार मिनिटांनी "आर टेप लोडिंग एरर" ठरलेला.

उपाय असा, की टेपच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, स्प्रिंगवर बसवलेला. तो फिरवला की हेड केसभर कलतं. टेप वाजत असताना बारीक स्क्रूड्रायव्हर आत घालून पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, आवाज सगळ्यांत कर्कश होईपर्यंत. माझी कॅसेट लोड झाली. पण त्यानंतर घरातल्या सगळ्या अभंगांच्या कॅसेटी दबक्या वाजायला लागल्या. बाबांना वाटलं कॅसेटी खराब झाल्या. त्यांनी दुकानदाराशी भांडण केलं. मी आजतागायत कबूल केलेलं नाही.

नंतर कॉलेजात ३८६, मग नोकरीत जे मिळेल ते. स्पेक्ट्रम माझ्याकडेच आहे, कीबोर्डाखालचं पापुद्र्यासारखं मेम्ब्रेन तडकलंय, त्यामुळे काही बटणं मुकी. कंदीसाहेब, तुम्ही देऊ नका. मी माझं देऊ शकलेलो नाही म्हणून तुम्हालाही अडकवतोय, हे मान्य.

सिन्नरकर_ताई

माझं एवढं जुनं काही नाही. २००३ला एमएस-सीआयटी केलं, कारण पतसंस्थेत बढतीला ते हवं होतं. क्लासमध्ये एका मशीनवर तिघी. माउस जिच्या हातात तिचंच शिक्षण, बाकी दोघी नुसत्या मान डोलवणार.

घरी पहिलं मशीन २००६ला. मशीनपेक्षा यूपीएसची आठवण जास्त आहे. आमच्याकडे तेव्हा भारनियमन म्हणजे दिवसाचे आठ आठ तास. लाइट गेली की यूपीएस ओरडायला लागायचा. नवीन होता तेव्हा पंधरा मिनिटं, वर्षानं चार. त्या चार मिनिटांत लेकीचा प्रोजेक्ट सेव्ह करायचा, मशीन बंद करायचं आणि गॅसवरचं दूधही बघायचं. अजूनही दर दोन ओळींनी सेव्ह करते. सून हसते.

दादा, एक सांगते. पत्रिका मिळाल्या तरी वाचता येतील असं धरून चालू नका. आमच्या संस्थेचे जुने ठराव तसेच गेले. तेव्हाच्या मराठी फाँटमध्ये मराठी अक्षर असं काही नसायचंच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले. तो फाँट नसला की नुसता गोंधळ दिसतो. युनिकोड (सगळीकडे एकच चालणारी अक्षरांची पद्धत) सर्रास व्हायच्या आधीचं सगळं तसंच. फाँट शोधून ठेवा.

सातारी_कंदी

सगळ्यांना उत्तर एकदमच देतो. चार दिवस याच्यातच गेले.

टापकीरभाऊ, बॅटरी फुटलेलीच होती. बोर्डावर मोरचुदाचा कोपरा झालाय. प्लग लावला नाही, तुमचे आभार. डिस्क कन्व्हर्टरला दिसली नाही, पी-फोरला दिसली. पहिल्यांदा नुसती कण्हली, फिरेना. हातात घेऊन मनगटानं एक हलका झटका दिला आणि फिरली. सगळं कॉपी केलं. सगळं मिळून एकशे नव्वद एमबी, तीन वर्षांचा धंदा.

सिन्नरकर ताई, तुमचं खरं झालं. पत्रिका उघडल्या आणि 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी टिंबं दिलेली परकी अक्षरं. त्या फाँटच्या पॅकेजला प्रिंटरच्या पोर्टमध्ये लावायचं कुलूप (ते लावल्याशिवाय पॅकेज चालायचं नाही) होतं, ते कधीच हरवलंय. पण फाँटच्या फायली त्याच डिस्कवर विंडोजच्या फोल्डरात पडून होत्या. त्या तिथून काढून बसवल्या आणि बऱ्याच पत्रिका वाचता आल्या. स्मरणिका अर्धी आली. पहिली सोळा पानं ठीक, पुढची फाइल उघडतच नाही. नेमकी त्यातच देणगीदारांची यादी.

एक फाइल मात्र कसलाही फाँट न मागता आजच्या लॅपटॉपवर पहिल्या क्लिकला उघडली. उधारी.डीबीएफ. तेव्हा कॉलेजातल्या एका पोरानं फॉक्सप्रोमध्ये (तेव्हाच्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये) बिलांचा प्रोग्राम करून दिला होता, नावं इंग्रजी अक्षरांत. त्रेसष्ट नावं, एकूण येणं ४१,८७० रुपये. मी पहिलं नाव वाचायच्या आधी आण्णांनी खुर्चीतून तिसरं सांगितलं, रकमेसकट. म्हणजे यासाठी हात लावू द्यायचा नव्हता!

आता खरी भानगड. सत्ताविसाव्या नावावर १९९७च्या मे महिन्यात तीनशे पत्रिका, बाकी १,३५०. नाव आमच्या सासऱ्यांचं. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका, म्हणजे माझ्याच लग्नाच्या.

बायको आता म्हणते, भंगारवाल्याला आजच बोलवा, दोनशे मी देते.

टापकीर_गल्ली

व्याज धरलंय का?

सातारी_कंदी

आण्णा तेच करतायत. कॅल्क्युलेटर नको म्हणाले, कागद-पेन्सिल मागितली.