आधी पायांशी, मग कामाला: तुमचे अनुभव लिहा

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आपल्यापैकी कितीतरी जण रुग्णभेटी, वसतिगृह, दवाखाना, शिधावाटप अशी कामं वर्षानुवर्षं करताहेत. कामाबद्दल आपण भरभरून बोलतो. देवाशी असलेल्या ज्या जवळिकीतून ते काम निघतं, तिच्याबद्दल क्वचित. म्हणून हा धागा. घडलं तसं लिहा. सुरुवात मी करतो.

२०२० च्या टाळेबंदीत आमची मंडळी (आमचं चर्च) शिधा वाटत होती. पहाटे पाचला पिशव्या भरायला जायचं, त्यात माझं शास्त्रवाचन आणि प्रार्थना सुटली. सेवा हीच प्रार्थना, अशी मनाची समजूत घातली. तिसऱ्या आठवड्यात एक आजोबा रांगेत पुन्हा दिसले. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "बाबा, सकाळी नेलंत ना?" त्यांनी खिशातून दुसऱ्याच नावाचं रेशनकार्ड काढलं. शेजारीण अंथरुणाला खिळलेली, तिच्यासाठी आले होते. कार्ड धरलेला हात थरथरत होता. त्या रात्री बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली मार्था वाचली: येशू घरी आलेला, ती पाहुणचारात गुंतलेली, बहीण मरिया त्याच्या पायांशी ऐकत बसलेली. येशू तिला चूल विझव म्हणत नाही, तू दगदग करतेस एवढंच म्हणतो. त्या दगदगीपायी ती बहिणीवर चिडली, मी आजोबांवर. दुसऱ्या दिवसापासून पिशव्या अर्धा तास उशिरा भरायला घेतल्या. आजोबांची माफीही मागितली. त्याआधी बराच वेळ गुडघ्यांवर बसावं लागलं.
(अहिल्यानगर)

*

आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या धर्मग्रामात) सेंट व्हिन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचं काम चालतं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर ती सुरू केली. सभेची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने करायचा, घरभेटीला दोघांनी मिळून जायचं, ही रीत. तरुणपणी ती प्रार्थना मला हिशेबाआधीचा उपचार वाटे. एका विधवा मावशींकडे दर महिन्याला तांदूळ-डाळ पोचवायचो, पाच मिनिटांत निघायचो.

पुढे गुरुवारच्या आराधनेला जाऊ लागलो. पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीसमोर, तासभर करायचं काही नसतं, नुसतं बसायचं. पहिले काही आठवडे घड्याळ बघण्यात गेले. मग बसणं जमलं, आणि मावशींच्या ओट्यावरही बसणं जमायला लागलं. सहा वर्षं त्यांच्या घरी पिशवी नेत होतो. त्यांचा मुलगा विहिरीत बुडून गेला, हे मला सातव्या वर्षी कळलं.
(वसई)

*

माझी पणजी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती आश्रमात आली. त्यामुळे रमाबाईंची साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेबद्दल त्यांनी स्वतः लिहिलेली हकिकत, आमच्या घरात पुन्हा पुन्हा वाचली गेली. मी वाचते तेव्हा एकाच जागी थांबते.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडात होत्या. वाँटेज गावच्या सिस्टर्सचं (अँग्लिकन जोगिणींचं) लंडनमधल्या फुलहॅमचं काम त्यांनी पाहिलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत होते. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्रीची (यहुदी ज्यांना हलकं लेखत त्या समाजातल्या बाईची) भेट सांगितली, योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली. म्हणजे आधी सेवा दिसली आणि तिचा माग काढत त्या ख्रिस्तापाशी आल्या. त्याच वर्षी बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली. आणि एवढं होऊनही साक्षीत त्या लिहितात की धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी तो त्यांना सापडला. शाळा चाललेली, मुली शिकताहेत, देशोदेशी नाव झालेलं, आणि ही बाई मात्र आतली उणीव लपवत नाही. माझ्यात हे धैर्य नाही. मंडळीत कुणी कौतुक केलं की मी प्रार्थनेचा कोरडेपणा विसरूनच जाते.

दुष्काळातल्या शेकडो मुली मुक्तीत आल्या त्या यानंतर. पणजीने आजीला सांगितलेलं एवढंच आमच्यापर्यंत आलंय: डोक्यात उवा होत्या, अंगभर फोड होते, आणि तिला न्हाऊ घालणाऱ्या बाईने तोंड फिरवलं नाही.
(पुणे)

*

मी नर्स. मिरजेत शिकले, नोकरी दुसरीकडे. आमच्या वॉर्डात एकेका रात्रपाळीला दोघींवर तीस पेशंट. वेगळा प्रार्थनेचा वेळ कुठून काढणार? हात धुताना प्रत्येक वेळी पुढच्या पेशंटचं नाव प्रभूपुढे घेते. ज्या रात्री हे राहतं त्या रात्री "सात नंबर", "बारा नंबर" असं तोंडात येतं. हा फरक मला स्वतःला ऐकू येतो.
(सांगली)

*

माझा अनुभव थोडा उलटा आहे. आई एका मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. तिला वाचता येत नव्हतं, पाळकसाहेबांचा उपदेशही तिला फारसा समजत नसे. पण रोज संध्याकाळी ज्वारीच्या भाकऱ्या थापताना ती एकेका भाकरीला एकेका मुलाचं नाव घ्यायची. "हा खोकतोय रे देवा." थाप. "ह्याचा बाप अजून न्यायला आला नाही." थाप, आणि भाकरी तव्यावर, वरून पाण्याचा हात. मी परातीशेजारी बसून ऐकायचो. तिचं देवघर तेच. आधी एकांत आणि मग सेवा, असं दोन तुकड्यांत तिला कधी सांगता आलं नसतं.
(सोलापूर)

*

लिहू की नको, असं चाललं होतं. बाबांना पक्षाघात होऊन चार वर्षं झाली. त्यांचं सगळं मीच करते आणि रोज पहाटे प्रार्थनेलाही बसते, पण गेलं वर्षभर पलीकडे कुणी आहे असं वाटत नाही. वरचे अनुभव वाचून हेवा वाटला.

मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की अनेक दशकं त्यांनाही देवाची जवळीक जाणवत नव्हती. तरीही त्यांच्या सिस्टर्सचा रोजचा आराधनेचा तास १९७३ पासून ठरलेला होता, आणि त्याही तिथे बसत. जवळीक जाणवणं वेगळं आणि जवळ जाऊन बसणं वेगळं, एवढं मी त्यातून धरून ठेवलंय. आज पहाटेही काही जाणवलं नाही. सहाला उठून बाबांना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली. माझ्यासाठी प्रार्थना करा.
(नाशिक)