मदत हवी आहे : टिनटिननंतर काय वाचायला द्यावे?

नमस्कार. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत मिळालेले, शिलाई सुटलेले टिनटिन या बेल्जियन चित्रकथामालिकेचे दोन अल्बम माझ्या नववीतल्या भाचीने इतक्यांदा वाचले आहेत की पाने आता रबरबँडने बांधून ठेवावी लागतात. १९५९ साली अवतरलेला फ्रेंच चित्रकथानायक ॲस्टेरिक्सही तिचा वाचून झाला असून, त्यातील कुत्र्याचे मूळ फ्रेंच नाव ‘इदेफिक्स’ इंग्रजीत ‘डॉगमॅटिक्स’ झाल्याचे तिला भारी कौतुक वाटते. मार्जान सत्रापी यांची ‘पर्सेपोलिस’ ही इराणमधील बालपणावरची चित्रकादंबरी मला स्वतःला फार भावली. परंतु त्यातील छळाचे प्रसंग तिला आत्ताच झेपतील का, याविषयी मी साशंक आहे. फ्रेंच, इटालियन वा स्पॅनिशमधून इंग्रजीत किंवा हिंदीत आलेली (मराठीत असल्यास दुधात साखरच), शक्यतो एकाच खंडात संपणारी चित्रकादंबरी कृपया सुचवावी आणि ती नागपुरात कोठे मिळेल, हेही कळवावे.