चिंधी, कात्रण की धांदोटी?

मुलुंड: आईच्या शिवणकामातून उरलेलं कापड गोधडीसाठी निवडून डब्यांत भरतेय. सगळ्यांवर 'चिंध्या' अशी चिठ्ठी लावली तर आई भडकली, "खणाच्या तुकड्याला चिंधी म्हणतेस?" मग काय लिहू?

लालबाग: आईंचं बरोबर आहे. फाटून किंवा फाडून निघते ती चिंधी. कात्रीखालून पडतं ते कात्रण. वर्तमानपत्राचं कात्रण तेच. लांब, अरुंद फाडलेली पट्टी म्हणजे धांदोटी. वापरून वापरून विरलेलं ते चिरगुट. गिरणगावात 'फेंट'ही चालायचा, म्हणजे ताग्यातून निघालेला तोकडा तुकडा. एक्साइजच्या, म्हणजे उत्पादन शुल्काच्या, कागदांत फेंट, रॅग आणि चिंधी असे प्रकार होते. आपली चिंधी कायद्याच्या इंग्रजीत जाऊन बसली!

गिरगाव: चिंधीला एवढं हलकं लेखू नका. कृष्णाच्या बोटाला द्रौपदीने बांधली तीही चिंधीच, आणि वस्त्र भारीच होतं की. शब्दाची पत घालवली ती 'चिंधीगिरी' आणि 'चिंधीचोर' म्हणणाऱ्या आपल्या मुंबईने.

मुलुंड: आणि ठिगळ? मोठ्या तुकड्यांच्या डब्यावर तेच लिहिणार होते.

लालबाग: नको. डब्यात असतो तो तुकडा. फाटल्या जागी शिवला की ठिगळ.

परळ: नावं ठेवा काहीही, पण आधी सुती आणि सिंथेटिक वेगळं करा. सुती धुतल्यावर आटतं, पॉलिस्टर तसंच राहतं, मग शिवणीला चुण्या पडतात. नवं सुती आधी भिजवून वाळवा, रंग जाणारं तेव्हाच कळतं. होजियरी ताणली जाते, ती वेगळी. रंगावरून लावायचं ते त्यानंतर. आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या बंद डब्यात दमट कापड ठेवलं तर कुबट वास येतो. सुती पिशव्या बऱ्या.

मुलुंड: मग तीन पिशव्या: 'सुती तुकडे', 'धांदोट्या', 'कात्रण'. पण बोटभर कात्रणाचं करू काय?

परळ: उशीत भरा, नाहीतर सुया टोचायची गादी करा. गोधडीच्या आत मात्र भरू नका, धुतल्यावर गोळे होतात. आत जुनी सुती साडी सपाट अंथरायची आणि वरून दाट धावदोरा घालायचा.

गिरगाव: धांदोट्या मला द्या, पायपुसणी विणायला हव्यातच.